बायडाक्काच्या विहिरीतला रोहू

सांगोल्याला मासे बघायला निघाले आहे असं सांगितल्यावर आमच्या आळीतल्या बायकांनी मला वेड्यात काढलं. "तिकडे प्यायला पाणी टँकरने जातं म्हणतात, आणि तू मासे बघायला चाललीस?" त्यांचंही चूक नव्हतं. आम्ही अलिबागकडची माणसं. मासा म्हणजे समुद्राचा. सकाळी दारात टोपली उतरते, कल्ला उचलून बघायचा, लाल असला तर घ्यायचा, नाहीतर टोपलीवालीशी दोन शब्द भांडायचं आणि तिला वाटेला लावायचं. तळ्यातला मासा आमच्याकडे कुणी पानात घेत नाही, चिखलाचा वास येतो म्हणतात. मीही जन्मभर म्हणत आले. आता म्हणत नाही. मात्र त्याचं कारण चव नव्हे, कारण तो मासा मी खाल्लाच नाही.

झालं असं की माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी ऋता गोड्या पाण्यातल्या माशांवर संशोधन करते. तिने मांडलेली एक चाचणी सांगोल्याच्या माळावर चालू होती आणि ती संपवायला तिला जायचं होतं. "चल मावशी माझ्याबरोबर, तुला हवापालट होईल," म्हणाली. ऐन वैशाखात सांगोल्याला हवापालट! ऐकून हसूच आलं मला. पण पोरगी वाळली होती आणि फोनवर तिचा आवाज काही बरा वाटला नव्हता. पोस्टातली नोकरी संपल्यापासून मला तरी कुठे काय काम होतं? गेले.

फलटणच्या रस्त्यावर जीपमध्ये तिने मला सगळं समजावून सांगितलं. रोहू माशाला उवा होतात. मला आधी चेष्टाच वाटली. "डोक्यात होतात तशा?"

"तशा नाहीत ग. चपट्या असतात, काचेसारख्या आरपार दिसतात. अंगाला चिकटतात, सोंड खुपसून रक्त पितात. मग मासा खाणं सोडतो, दगडाला अंग घासत फिरतो, जखमा चिघळतात आणि तळंच्या तळं बसतं. शेतकरी घाबरून पाण्यात विषारी औषध ओततो. काही उवा मरतात, काही निर्ढावतात, आणि औषध मात्र पाण्यात राहतं."

ऋताच्या लोकांनी दुसरी वाट धरली होती. उवेला रोहू सापडतो तो त्याच्या अंगावरच्या बुळबुळीच्या वासावरून. तो वास कसा बनवायचा याचा हुकूम माशाच्या जनुकात लिहिलेला असतो. मासा अंड्यात असतानाच त्यांनी त्या हुकमातलं एक अक्षर खोडलं. "बाहेरचं काही घातलं नाही मावशी. त्याचंच त्याचं, एक अक्षर कमी."

"म्हणजे घरावरची पाटी काढलीत. घर तिथंच, पण उवेला पत्ता लागत नाही."

"अगदी!" ती म्हणाली आणि त्या प्रवासात पहिल्यांदा मोकळी हसली.

अकलूज

नातेपुत्याला चहा झाला. तिथून सरळ खाली जायचं सोडून ऋताने गाडी अकलूजकडे वळवायला सांगितली. इकडे दोन्ही बाजूंना नुसता ऊस. मला तर घाटाखाली आल्यासारखं वाटलं. एका दुकानासमोर गाडी थांबली आणि ड्रायव्हरने चुन्याच्या गोण्या मागे टाकल्या. साखर कारखान्यांचा मुलूख, उसाचा रस निवळायला चुना लागतोच, त्याला काय तोटा!

"कुणाचं घर रंगवायला काढलंस का ग?" मी विचारलं. ऋताने उत्तर दिलं नाही. खिडकीतून उसाकडे बघत बसली. मला राग आला. माणसाने बोलायला आणायचं आणि मग तोंड शिवून बसायचं, ही आमच्या बहिणीकडची खोड आहे. मीही वेळापूरपर्यंत बोलले नाही.

मायाप्पांची वस्ती

वेळापूर मागे पडलं तसा ऊस विरळ होत गेला आणि सांगोल्याच्या पुढे तर माळच लागला. बाभळी, खुरटं गवत, मधूनमधून डाळिंबाच्या बागा. उन्हाने फळ करपू नये म्हणून झाडांना पांढरं कापड पांघरलेलं. आमच्याकडे आंब्याला कुणी ऊन लागू नये म्हणून कापड घातलेलं मी बघितलं नाही. उन्हाचा एवढा धाक मला नवा होता.

मायाप्पांची वस्ती रस्त्यापासून आत. दोन खोल्या, मेंढरांचा वाडा, एक विहीर, आणि थोडं वर माळावर दोन शेततळी. मायाप्पा म्हणजे सडसडीत, मोठं मुंडासं बांधणारे, बोलायला कंजूष. त्यांची बायको बायडाक्का पन्नाशीची, हाडापेराने थोराड, आणि नवऱ्याच्या वाटणीचंही तीच बोलणारी. मुलगे दोन्ही पुण्याला कामाला. शेततळी ऋताच्या संस्थेने भाड्याने घेतली होती आणि राखणीला हीच दोघं होती. चाचणीला दुष्काळी माळ निवडायचं कारण उघड होतं. इथून मासा पळून पळून जाणार कुठे? तळ्याला खाली प्लास्टिक, वर जाळी, नदी लांब, ओढा वर्षातले कितीतरी महिने कोरडा.

अक्काने हातपाय धुवायला पाणी दिलं ते तांब्याभरच. मी सवयीने दुसरा तांब्या मागितला. तिने तो दिला, पण माझ्या पायाखालून वाहून गेलेलं पाणी लिंबाच्या आळ्यात जातंय ना, हे वाकून बघितलं. मी मनात चरकले. पुन्हा दुसरा तांब्या मागितला नाही.

जेवायला बाजरीची भाकरी, शेंगाची चटणी आणि हुलग्याचं माडगं. हुलगा म्हणजे आमचा कुळीथच की! आम्ही त्याची पिठी करतो, आमसूल टाकून. इथे लसणाची फोडणी, आणि असं तिखट की माझ्या डोळ्यांतून धारा. अक्का बघत होती.

"समिंदराकडच्या तुमी, व्हय ताई?"

"हो."

"समिंदराचं पानी खारं असतंय म्हंत्यात."

"खारटढाण."

"आन् एवडं पानी असून पिता येत न्हाय?" तिने हात थांबवला. "वंगाळच की मग. त्यापरीस आमचं बरं."

आमच्या समुद्राची एवढ्या मनापासून कीव केलेली मी आजवर ऐकली नव्हती.

तळ्यावर

सकाळी उन्हं चढायच्या आत आम्ही तळ्यावर गेलो. एका तळ्यात साधे रोहू, दुसऱ्यात ऋताचे. दोन्हींत उवा मुद्दामच सोडलेल्या. ऋताने आधी साध्या तळ्यातला एक काढला आणि ओल्या फडक्यावर ठेवून मला जवळ बोलावलं. मी आयुष्यभर मासे निवडले आहेत, पण हे बघून अंगावर काटा आला. परांच्या बेचक्यात, पोटाखाली, कल्ल्याच्या कडेला त्या चपट्या उवा बसल्या होत्या आणि बोटाने सरकवल्या की माशाच्या अंगावरून तुरूतुरू पळत होत्या. जिथून सरकल्या तिथे लाल ठिपका.

मग दुसऱ्या तळ्यातला काढला. स्वच्छ. खवल्यांना गुलाबी कड, अंगावर एक ओरखडा नाही. ऋता त्याच्यावरून हलकेच बोट फिरवत होती आणि तिच्या तोंडावर जे होतं ते मी तिच्या दहावीच्या निकालालाही बघितलं नव्हतं.

तो मासा पुढे होऊन बघायच्या नादात माझी चप्पल प्लास्टिकवर सरकली आणि मी बसल्या बसल्या थेट कमरेइतक्या पाण्यात! शेततळ्याच्या प्लास्टिकपेक्षा शेवाळलेली पायरी बरी. उठायला जावं तो पुन्हा खाली. मायाप्पांनी काठावरचा दोर टाकला आणि अक्काने मला दोराला धरून बाहेर ओढलं. "समिंदराकडच्या म्हनं!" ती म्हणाली. मी इतकी चिडले होते की माझं मलाच हसू आलं.

हसणं तेवढंच. तळ्यावर आधीच येऊन थांबलेली ऋताच्या संस्थेची माणसं मासे मोजायला लागली. प्रत्येक माशाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी खूण टोचलेली, यंत्र जवळ नेलं की आवाज होतो. दुपार कलेपर्यंत सगळं तळं पालथं घातलं. साधे मासे बरोबर होते. ऋताच्या तळ्यातला एक कमी होता. जाळी कुठे फाटलेली नव्हती, मेलेला कुठे तरंगत नव्हता. ऋताने पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा एक कमी.

अक्का चहा घेऊन आली. "काय हुडकाया लागलाय?"

"एक मासा कमी आहे, अक्का," ऋता म्हणाली.

"त्यो व्हय? त्यो हिरीत हाय की."

तिने हे इतक्या सहज सांगितलं की ऋताला कळायलाच वेळ लागला.

अक्काने लपवलं काहीच नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. त्यांच्यात चाल अशी की पिण्याच्या विहिरीत मासा असायलाच हवा. तो पाण्यातले किडे खातो हे झालंच, पण रिकाम्या विहिरीचं पाणी पिऊ नये. "जित्तं कायतरी पायजे तीत. गुदस्ता हीर आटली आन् आमचा मासा मेला. औंदा कॅनॉलला पानी आलं, हिरीला पाझर फुटला. पाडव्याला नवा सोडावा म्हनलं. मागं तुमची मानसं वजन कराया आली व्हती, तवा एक जाळ्यातनं उडून भाईर पडला. घेतला कळशीत."

"अहो पण मग साध्या तळ्यातला घ्यायचा ना!" मी मधेच तोंड घातलं.

अक्काने माझ्याकडे अशी नजर टाकली की मीच काहीतरी घाण बोलले असावे. "त्येला उवा हायत की वो ताई! आमी पितो ते पानी."

ऋताच्या इतक्या वर्षांच्या कामावर एवढा भरवसा तिच्या वरिष्ठांनीसुद्धा ठेवला नसेल.

विहीर

विहीर कातळात फोडलेली, उतरायला पायऱ्या. पाणी चांगलं पुरुषभर होतं आणि तळाला कपारी. मासा दिसत नव्हता.

"ही भरून वाहते का कधी?" ऋताने विचारलं.

मायाप्पा पहिल्यांदाच आपणहून बोलले, आणि अभिमानाने. "चांगलं साल असलं तर कट्ट्यावरनं पानी जातंय. थेट ओढ्याला."

ओढा माण नदीला मिळतो आणि माण भीमेला. भीमेत रोहू आहेतच, आणि रोहू विहिरीत नाही वीत, पुराच्या वाहत्या पाण्यात वितो. ऋताने हे सगळं मला सांगितलं.

मी सरळ बोलणारी बाई. म्हटलं, "मेला म्हणून लिही आणि मोकळी हो. एक मासा! करून करून काय करणार आहे तो?"

"बहुतेक काहीच नाही."

"मग?"

"बहुतेक आहे ना, मावशी. त्या 'बहुतेक'च्या भरवशावर नदीत सोडायचा हक्क मला कुणी दिलेला नाही. उद्या त्याची पिल्लं नदीभर झाली आणि काही वाकडं निघालं, तर ती मी परत गोळा करू शकणार नाही. आणि तो मेलेला नाही. जिवंत आहे."

"पण हे सगळं काम वाया गेलं तर?"

"जाईल."

मी तिच्यावर ओरडले, हे कबूल करते. एवढी हुशार पोरगी आणि व्यवहार शून्य, असंही काहीबाही बोलले. ती ऐकून घेत विहिरीत बघत राहिली.

मग पकडायचा खटाटोप सुरू झाला. जाळं टाकलं तर ते कपारीत अडकलं आणि फाटून वर आलं. मी म्हटलं, माझ्याकडे द्या. लहानपणी खाडीवर गळ टाकून बसलेली मी. कणकेची गोळी करून गळाला लावली, पायरीवर बसून टाकली. ऊन उतरेपर्यंत बसले. माशाने गोळीकडे ढुंकून पाहिलं नाही. आता उरला एकच उपाय, पंप लावून विहीर उपसायची.

"हीर उपसा म्हनता?" मायाप्पा म्हणाले. आवाज चढवला नाही. "मग आमी काय प्यायचं? मेंढरांनी काय प्यायचं? पुन्यांदा पाझर कवा फुटल, तुमाला ठावं हाय?"

ऋताने मान खाली घातली. "नाही उपसायची आबा. नाही."

संध्याकाळी अक्का कळशी घेऊन पायऱ्या उतरली. आम्ही वर कट्ट्यावर होतो. तिने कळशीच्या काठावर हातातल्या पाटलीने टण् टण् टण् असं तीनदा वाजवलं, भाकरीचा तुकडा चुरून पाण्यावर टाकला, आणि आमच्या डोळ्यांदेखत कपारीतून ती सावली वर आली. अक्काच्या हातापासून वीतभर अंतरावर तो रोहू तोंड उघडून चुरा टिपत होता. "आला का रं बाबा," ती त्याला म्हणाली.

मी ऋताकडे बघितलं. तिने डोळे मिटून घेतले होते.

चुलीपाशी बसल्यावर ऋताने सगळं काही न लपवता अक्काला सांगितलं. मासा कसा केला, ओढ्याने तो कुठवर जाऊ शकतो, तो बाहेर का काढावा लागेल, आणि काढल्यावर मारावा लागेल. शेवटी म्हणाली, "तुमच्याशिवाय तो कुणाच्या हाताला लागणार नाही, अक्का."

"न्हाय," अक्का म्हणाली.

मला वाटलं जीव जडला असेल, म्हणून समजूत घालायला गेले. तशी ती माझ्यावरच उसळली. "जीव लावलेली बोकडं कापतो की वो आमी! नाव ठिवल्याली. रडत बी न्हाय. ह्ये तसं न्हाय. द्येवाला सोडल्यालं बोकड गावभर हिंडतंय, त्येला कोन धरून आनतंय का? ह्यो हिरीला सोडला म्या. आता माजा न्हाय त्यो. दिल्यालं परत मागायचं, आन् वर हाक मारून मारायचं? न्हाय जमायचं म्याडम."

मायाप्पा विस्तवाकडे बघत होते. भाकरी मात्र तिने आम्हाला नेहमीसारखीच आग्रहाने वाढली.

खड्डा

चुना कशाला आणला होता ते दुसऱ्या दिवशी कळलं.

चाचणी संपली की बदललेले मासे मारायचे, हा परवानगी देणाऱ्या समितीचा नियमच होता. खायचे नाहीत, विकायचे नाहीत, कुणाला द्यायचे नाहीत. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचे. साध्या माशांना बंधन नव्हतं. जे खायला, विकायला चालले असते ते उवांनी पोखरलेले, आणि जे धडधाकट ते मातीत!

ऋताने टबात पाणी घेऊन त्यात लवंगेचं तेल टाकलं. त्याने माशाला गुंगी येते आणि मग तो त्यातच जातो. माळावर लवंगेचा वास सुटला, आणि मला उगाचच आमच्याकडच्या लग्नघरातल्या मसालेभाताची आठवण झाली. स्वतःचाच राग आला. हाताखाली माणसं होती, तरी ऋताने प्रत्येक मासा स्वतः उचलून टबात ठेवला. ती घाई करत नव्हती. एकेकाचं हलणं थांबेपर्यंत हात पाण्यात ठेवायची, मग बाहेर काढायची. चुन्याने आणि तेलाने तिची बोटं लालबुंद झाली होती. "थोडं थांब ग, पाणी पी," मी म्हटलं. तिने मान हलवली.

अक्का मेंढरं सोडून येऊन उभी होती.

"खायाचं न्हाय, इकायचं न्हाय, मग केला कशाला म्हनते मी?"

"जमतं का ते बघायला."

"आन् जमलं न्हवं?"

"जमलं."

"मग?"

"मग आधी हे सगळे मारायचे. झालं ते खरं खरं लिहून वर पाठवायचं. त्यांनी हो म्हटलं तर पुन्हा पहिल्यापासून."

अक्काने बराच वेळ ते बघितलं. आमच्या गावात कुणी ताजा मासा असा मातीत घातला असता तर बायकांनी शिव्यांची लाखोली वाहिली असती. मला वाटलं हीसुद्धा तेच करणार. तिने वेगळंच विचारलं.

"तुला वंगाळ वाटतंय का ग, पोरी?" म्याडमची पोरगी कधी झाली, ते दोघींपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

"वाटतंय."

"मग ह्यांच्या हातनं करून घ्यायचं. तू कशापायी?"

"मी केलेत ना हे, अक्का." ऋताने पुढचा मासा उचलला. "ज्याने केलं त्यानेच निस्तरायचं."

अक्का पदराचं टोक तोंडाशी धरून उभी राहिली. मग मेंढरांकडे निघून गेली. संध्याकाळी ऋताने खड्ड्याचा एक कोपरा माती न लोटता तसाच ठेवायला सांगितला. मी विचारलं नाही कशासाठी.

त्या दिवशी अक्का पाण्याला गेली, तेव्हा कळशी वाजली नाही. जेवताना तिने एवढंच म्हटलं, "सोडला म्या. तवा मलाच काडाया पायजे." आणि थोड्या वेळाने, "पर हीर मोकळी ठिवायची न्हाय. दुसरा द्यायचा. आन् उवावाला न्हाय चालायचा, आदीच सांगते."

कट्ट्यावर

ऋताने त्या माशाचं खरं ते सगळं लिहून पाठवलं आहे. तो कसा बाहेर गेला, किती दिवस बाहेर होता, कुणाच्या हाताने परत आला, यातलं काही गाळलं नाही. चूक आमची, आम्ही त्यांना नीट सांगितलं नव्हतं, असंही लिहिलं. वरून अजून उत्तर नाही. चाचणी बाद धरली तर तो सगळा खड्डा फुकट गेला म्हणायचा. इथे अलिबागला बसून मी रोज तिला फोन करते आणि ती रोज "नाही ग अजून" म्हणते. पण मला सांगायचं आहे ते त्या सकाळचं.

उजाडत होतं. अक्का अंघोळ करून आली होती. विहिरीच्या कट्ट्यावर तिने हळदकुंकू वाहिलं, अर्धी भाकरी ठेवली आणि वाकून पाण्यात बघत बोलली. शेजारणीशी बोलावं तसं. "दिला व्हता, परत न्हेते. तुजी काय बी चूक न्हाय. माजी हाय. दुसरा देते, राग धरू नगस." मग पायऱ्या उतरली. ऋता तिच्या मागे एक पायरी सोडून. मायाप्पा मुंडासं काढून वर उभे.

टण् टण् टण्.

तो लगेच आला. आदल्या संध्याकाळचा उपाशी होता ना. अक्काने चुरा टाकला, त्याला खाऊ दिलं, सगळा चुरा संपेपर्यंत खाऊ दिलं, आणि मग कळशी आडवी करून पाण्यात धरली. तो आपणहून आत शिरला. तिने कळशी उचलली आणि मागे न बघता ऋताच्या हातात दिली. ऋताने यंत्र कळशीला लावलं, ते वाजलं. वरती टबात लवंगेचं पाणी तयार होतं. कळशीतून त्याला काढून ऋताने त्यात ठेवलं तेव्हा मी बघितलं, एवढे दिवस बाहेर राहूनही त्याच्या अंगावर एक डाग नव्हता. अक्का शेवटपर्यंत पायरीवरच बसून होती. खड्ड्याचा कोपरा मायाप्पांनी बुजवला.

मग साध्या तळ्यातला एक रोहू आणला. लिंबाखाली ओलं फडकं अंथरलं. अक्काने त्याचं डोकं दोन्ही हातांत अलगद धरलं आणि ऋता चिमट्याने उवा काढायला बसली. एकेक ऊ. परांतून, पोटाखालून, कल्ल्याच्या कडेने. मधेमधे मी माशाच्या तोंडावर पाणी घालायची, त्याला दम लागला की पुन्हा बादलीत सोडायचं, पुन्हा फडक्यावर. शाळेत जायच्या आधी आमची आई आम्हाला अशीच उंबऱ्यावर पुढ्यात घेऊन बसायची. जनुकातलं अक्षर खोडणारी ही मुलगी, मान मोडेपर्यंत वाकून, चिमटा घेऊन बसली होती, आणि अक्का मधूनच बोट दाखवायची, "ती बग, पळाली. तितं बग." काढलेली ऊ ऋता वाटीतल्या रॉकेलमध्ये टाकायची. शेवटी माशाला मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवला, मग साध्या पाण्यात. अक्काने त्याला उजेडात धरून खालून वरून तपासलं आणि मान डोलावली.

विहिरीत त्याला तिनेच सोडलं. तो क्षणभर वरच थांबला, मग कपारीकडे खाली गेला. अक्काने भाकरीचा चुरा टाकला. चुरा पाण्यावर पसरला, तसाच राहिला.

"कळशी वाजवा की अक्का," मी म्हटलं. "सवय लागेल त्याला."

ती पाण्याकडे बघत होती.

"खायाला टाकीन रोज," ती म्हणाली. "पर ह्येला हाक न्हाय मारायची."

मग तिने कळशी घासून धुतली आणि भरायला पाण्यात बुडवली, अगदी हळू, कुठे दगडाला लागून वाजू नये अशी.